जागतिक संस्कृती उद्यान उभारताना: मोजणीपासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

गावात 'जागतिक संस्कृती उद्यान' करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी फायबरचा आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा आणि पिरॅमिड यांचे दर मागवले जातात. मग मधे हिरवळ येते, कारंजं येतं आणि उन्हाळा तोंडावर आला की शेवटी पाण्याचा विषय निघतो. दोन-तीन उन्हाळ्यांत फायबरचा रंग उडतो, हिरवळीची माती होते आणि कारंज्याच्या हौदात प्लास्टिक साचतं. तालुक्याच्या गावाचा पैसा असा मातीत जाताना पाहवत नाही, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

मराठवाड्यातली नगरपरिषद, नगरपंचायत, मोठी ग्रामपंचायत किंवा एखादी संस्था यांच्याकडच्या एक ते तीन एकर जागेसाठी हे लिहिलं आहे. सगळ्या कामामागे एकच धोरण ठेवा: परदेशातली इमारत लहान करून आणायची नाही. आपल्या भागाचा जगाशी आधीपासून असलेला दुवा शोधायचा आणि त्या दुव्याभोवती लोकांना काहीतरी करता येईल अशी जागा बांधायची.

## टप्पा १: कागद आणि जागा

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विकास आराखड्यात जागेवर असलेलं आरक्षण आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) हे तीन कागद हातात आल्याशिवाय वास्तुविशारदाला बोलावू नका. हद्द कायम झाली नाही तर कुंपणाच्या पहिल्याच खड्ड्यावर शेजाऱ्याशी वाद होतो आणि काम अडकून पडतं.

जागेवर उभं राहून वर आणि खाली दोन्हीकडे बघा. वरून विजेची उच्चदाब वाहिनी जाते का? कडेने नाला असेल तर पूररेषा कुठे आहे? मराठवाड्यात संरक्षित वास्तू पुष्कळ आहेत. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जागेत जुनी बारव असेल तर ती बुजवू नका. गाळ काढून, कठडा आणि जाळी बसवून तीच उद्यानाचं पाणी धरू शकते.

जागेवरची जुनी झाडं मोजा, त्यांना क्रमांक द्या आणि नकाशावर घ्या. आराखडा झाडांभोवती फिरवायचा. झाड तोडायचंच झालं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही.

हे तपासा: जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मधे, छाती-कमरेइतके खोल पाच खड्डे घ्या. काळी माती किती फुटांवर संपते आणि मुरूम कुठे लागतो ते लिहून ठेवा. पुढचं निम्मं अंदाजपत्रक या पाच आकड्यांवर ठरतं.

## टप्पा २: पाण्याचा हिशेब, आराखड्याच्या आधी

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूरला. त्या लातूरच्या किंवा बीड-धाराशिवच्या बागेत टँकरच्या भरवशावर हिरवळ लावणं मला तर लोकांच्या तोंडचं पाणी काढून घेण्यासारखं वाटतं.

आकडे असे मांडा. ऐन उन्हाळ्यात हिरवळीला एका चौरस मीटरमागे रोज साधारण ५ ते ६ लिटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा एक एकर हिरवळीला रोज २० ते २४ हजार लिटर लागणार, म्हणजे १० ते १२ हजार लिटरचे दोन टँकर. हे पाणी कुठून येणार याचं उत्तर कागदावर नसेल तर हिरवळ आराखड्यातून काढा. फार तर लहान मुलांच्या खेळण्यापुरती दोन-तीन गुंठे ठेवा.

आता पावसाचं पाणी मोजा. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरता येतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर आणि मधे मोठे खंड पाडत. १,००० चौरस मीटरच्या छप्पर-फरशीवरून, वाया जाणारं धरूनही, सुमारे ५ लाख ६० हजार लिटर पाणी मिळू शकतं. ते साठवायला एवढी मोठी टाकी बांधणं परवडत नाही, पण ५०-६० हजार लिटरची जमिनीखालची टाकी आणि उरलेल्या पाण्यासाठी पुनर्भरणाचे खड्डे बसतात. जवळ सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तिथलं शुद्ध केलेलं पाणी झाडांसाठी मागून घ्या. मागणीचं पत्र आत्ताच द्यायचं, कारण जलवाहिनीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो.

सावधान: एका बोअरच्या भरवशावर आराखडा मंजूर करू नका. बोअरला जानेवारीत लागलेलं पाणी मे महिन्यात किती उरतं ते विचारा. आजूबाजूचे शेतकरी नेमकं सांगतील.

## टप्पा ३: कोणत्या संस्कृती घ्यायच्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. यादी जगाच्या नकाशावरून करायला घेतली की 'प्रत्येक खंडातून एक' असं वाटप होतं आणि बाग प्रदर्शनातल्या गाळ्यांसारखी दिसायला लागते. यादी आपल्या तालुक्यापासून सुरू करा.

मराठवाड्याला दुवे शोधायला लांब जावं लागत नाही. तेर म्हणजे जुनं तगर आणि पैठण म्हणजे प्रतिष्ठान. या दोन्ही पेठांची नावं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत. इथला माल गुजरातमधल्या भडोच बंदरामार्गे समुद्रापार जायचा. इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. खडकी हे शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला होता आणि त्याने शहराला नहरींचं पाणी दिलं. बीबी का मकबऱ्याची बाग इराणी चारबाग पद्धतीची आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर परदेशी पेहरावातली माणसं रंगवलेली आहेत आणि आज त्याच लेणी बघायला जपान, थायलंड आणि श्रीलंकेतून बौद्ध यात्रेकरू येतात. नांदेडच्या हुजूर साहिबला कॅनडा-इंग्लंडमध्ये राहणारी शीख कुटुंबं येतात.

शेतातले दुवे तर याहून जवळचे. ज्वारी मूळची सुदान-इथिओपियाकडची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, मका आणि मिरची मेक्सिकोच्या बाजूची, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, हरभरा तुर्कस्तान-सीरियाकडचा, सोयाबीन चीनकडचं. लातूरच्या आडतीत रोज ज्याचे भाव पुकारले जातात ते पीक कुठून आलं, हे बागेत सहज दाखवता येतं. त्यातली तूर मात्र आपल्याच मातीतली.

प्रत्येक सुचलेल्या कल्पनेला हे तीन प्रश्न लावा:

- आपल्या भागाशी याचा दुवा काय? एका वाक्यात सांगता आला पाहिजे.
- तिथे लोक काय करतील? 'बघतील आणि फोटो काढतील' हे उत्तर चालणार नाही.
- दोन वर्षांनी ते कोण सांभाळेल?

तिन्ही उत्तरं मिळाली तरच ती कल्पना ठेवा. दोन एकरांत असे पाच कोपरे, म्हणजे एकेका कल्पनेचे छोटे विभाग, पुरेत. सहावा सुचला तर त्याची जागा मोकळी ठेवून पुढच्या टप्प्यात करा. बर्लिनचं 'गेर्टन डेर वेल्ट' हे जगभरच्या बागांचं उद्यान असंच वाढलं आहे. तिथे चिनी बाग २००० साली खुली झाली, जपानी २००३ मध्ये, आणि बाकीच्या एकेक करून पुढे आल्या.

## टप्पा ४: ज्यांची संस्कृती, त्यांना आधी विचारा

कोपनहेगनमध्ये २०१२ साली 'सुपरकिलेन' हे उद्यान झालं. त्या वस्तीत साठाहून अधिक देशांची माणसं राहतात. बागेत कोणत्या वस्तू आणायच्या हे तिथल्या रहिवाशांना विचारलं गेलं, म्हणून मोरोक्कोचं कारंजं, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी आणि थायलंडचं बॉक्सिंगचं रिंगण अशा रोज वापरातल्या वस्तू तिथे आल्या. लोकांना स्मारकापेक्षा लहानपणची घसरगुंडी जास्त आठवते.

आपल्याकडे कोणाला विचारायचं? विद्यापीठात शिकणारे परदेशी विद्यार्थी, बुद्धविहाराचे भन्ते, गुरुद्वाऱ्याचे सेवेकरी, हिमरू विणणारे कारागीर, आखाती देशांत नोकरी करून परत आलेली माणसं, स्थलांतरित तिबेटी स्वेटरवाले. मोठी सभा घेऊ नका. सभेत ठरावीक लोक बोलतात आणि बाकीचे मान हलवतात. पाच-सहा जणांना जागेवर बोलवा, चहा पाजा आणि विचारा: "तुमच्याकडे संध्याकाळी माणसं कुठे बसतात? मुलं काय खेळतात? दारात कोणतं झाड असतं?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. पुढे फलकांवर हाच मजकूर कामी येतो.

बायकांशी वेगळं बोला, आणि ते संध्याकाळी. त्या काय मागतील ते आधीच सांगता येतं: दिवे, स्वच्छतागृह, आडोसा नसलेली वाट. तरीही विचारा, कारण दिवा नेमका कुठे हवा ते त्याच सांगू शकतात.

सावधान: पूजेच्या गोष्टी सजावटीला वापरू नका. बुद्धमूर्ती कारंज्यात बसवणं, धर्मवचनं पायाखालच्या फरशीवर कोरणं किंवा देवतेचं चित्र कचरापेटीजवळच्या भिंतीवर काढणं, यांतल्या प्रत्येकाने कोणाचं तरी मन दुखावतं. शंका आली तर ती वस्तू गाळा.

## टप्पा ५: आराखडा

आधी ऊन मांडा, मग वाटा, मग कोपरे. एप्रिल-मे महिन्यात आपली बाग सकाळी नऊला रिकामी होते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर भरते. म्हणजे खरा वापर सकाळच्या गारव्यात आणि दिवेलागणीनंतर असतो. पश्चिमेच्या बाजूला उंच, दाट सावलीची झाडं लावा: कडुनिंब, करंज, शिरीष. काळ्या दगडाच्या पायऱ्या दिवसभर तापतात आणि रात्री आठपर्यंत बसवत नाही. त्यामुळे दगडी बैठका दुपारनंतर सावलीत येतील अशाच ठेवा.

मुख्य वाट किमान तीन मीटर, आतल्या वाटा १.८ मीटर रुंद ठेवा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. प्रत्येक कोपऱ्यावर या उताराने पोचता आलं पाहिजे. फक्त फाटकापाशी उतार बांधून उपयोग नाही.

भारूड, गोंधळ, कव्वाली, शाळेची संमेलनं यांसाठी एक खुला कट्टा हवाच. मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येणार नाही असं त्याचं तोंड ठेवा. वाटेवरून कट्टा दिसला पाहिजे. झुडपांची उंची गुडघ्याइतकी आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, म्हणजे मधून नजर आरपार जाते आणि उद्यान सुरक्षित वाटतं.

हे तपासा: चुन्याने सगळा आराखडा जमिनीवर आखा. दोन आजी, एक चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती आणि दहा मुलं यांना त्यावरून चालवा. मुलं रेघ मोडून जिथून धावतील तिथे वाट द्या, नाहीतर पुढे ती झुडपं तुडवून वाट पाडतील.

## टप्पा ६: पाच कोपरे, नमुन्यादाखल

हेच घ्या असं नाही. पण हे आपल्या हवामानात टिकतात.

१. खेळांचा ओटा. माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त वापर याचाच होतो. नवकंकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दगडांवर कोरून खेळली गेली आहे. एकात एक तीन चौकोन, चोवीस जागा, प्रत्येकाकडे नऊ सोंगट्या. हाच पट युरोपातही शतकानुशतकं खेळला जातो. त्याच्या शेजारी आफ्रिकेतला खड्ड्यांचा खेळ ठेवा. इथिओपियात त्याला गेबेता म्हणतात, घानात ओवारे. ओवारेच्या पटात सहा-सहा खड्ड्यांच्या दोन रांगा असतात, प्रत्येक खड्ड्यात चार बिया, एकूण अठ्ठेचाळीस. पश्चिम आफ्रिकेत त्यासाठी वापरतात त्या बिया म्हणजे आपले सागरगोटेच. सोबत सारीपाट आणि बुद्धिबळ.

ओटा ४५ सेंटिमीटर उंच आणि इतका रुंद करा की दोन माणसं मांडी घालून समोरासमोर बसतील आणि मधे पट राहील. दोन पट मात्र ७५ सेंटिमीटर उंचीवर, खालून मोकळे ठेवा, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते. रेघा ६ ते ८ मिलिमीटर खोल आणि खोलीपेक्षा जास्त रुंद कोरा. अरुंद रेघेत धूळ बसते आणि झाडूने निघत नाही. ओवारेचे खड्डे ९-१० सेंटिमीटर व्यासाचे, ३-४ सेंटिमीटर खोल पुरतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला पाणी जायला बारीक भोक पाडायचंच. ते नसेल तर पावसाळ्यात बारा वाट्यांत पाणी साचून डासांची पैदास होते. खड्ड्यांसाठी काळा दगड किंवा ग्रॅनाइट घ्या. शहाबादी फरशीचे थर सुटतात, ती रेघांच्या पटापुरतीच ठीक. बिया आणि सोंगट्या पहारेकऱ्याकडे डब्यात ठेवा आणि महिन्याला नव्या आणण्याचा खर्च धरा. त्या हरवणारच.

२. पिकांचा वाफा. चार-पाच गुंठे. खरिपात सोयाबीन, तूर, बाजरी, मका. रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई. प्रत्येक पट्टीपुढे पीक कुठून आलं आणि तिथले लोक त्याचं काय करून खातात ते लिहा. सुदानमध्ये ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची पातळ किसरा करतात, आपण भाकरी करतो. वर्षातून एकदा हुरड्याच्या दिवसांत तिथेच चूल मांडून दोन्ही करून दाखवता येतात.

झेंडूला वेगळी पट्टी द्या. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मरणाच्या सणात घराघरांत याच फुलांची आरास असते, आणि आपल्याकडे दसऱ्याचं तोरण त्याचंच. दसऱ्याला फुलं हवीत तर रोपं जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. दुसरी लावण महिनाभराने केली की दिवाळी आणि नोव्हेंबरचे ते दोन दिवसही साधतात.

हा वाफा नगरपरिषदेच्या ठेकेदाराला देऊ नका. शेजारच्या शाळेला किंवा बचतगटाला द्या आणि आलेला माल त्यांचा असं लेखी ठरवा.

३. चारबाग आणि पाट. चार वाफे आणि मधून एकमेकांना छेदणारे दोन पाट. पाट ३० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल पुरतो. एकूण लांबी ४० मीटर धरली तर पाणी लागतं जेमतेम १,२०० लिटर, तेही पंपाने फिरतं राहणारं. संध्याकाळी दोन तास सोडा. पाटाच्या तळाला दगडाची नक्षी करा, कारण वर्षातले कित्येक महिने तो कोरडा राहणार आहे आणि कोरडाही चांगला दिसला पाहिजे. वाफ्यांत डाळिंब, मोगरा, गावठी गुलाब लावा. डाळिंबाचं मूळ इराणकडचं, आणि आपल्या शेतकऱ्याला त्याची छाटणी शिकवावी लागत नाही.

४. दगडांची कोरडी बाग. जपानमध्ये क्योतोच्या र्योआन-जी मंदिरात पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडलेली बाग आहे. तिच्यात शेवाळाखेरीज हिरवं जवळपास काहीच नाही. आपल्या माळरानावरचे काळे दगड या कामाला उत्तम आहेत. दगड वर ठेवल्यासारखा दिसू नये म्हणून त्याचा एक तृतीयांश भाग जमिनीत गाडा. खडीचा थर ८-१० सेंटिमीटर, त्याखाली कापडी थर, नाहीतर हरळी वर येते. ही बाग झाडाखाली करू नका, पानगळ झाली की ती कचऱ्यासारखी दिसते. आणि तिला रोज दंताळं मारायला माणूस नसेल तर करूच नका. सिमेंटचं लाल तोरी फाटक उभारायचा मोह टाळा, ते जपानमध्ये देवस्थानाचं प्रवेशद्वार असतं.

५. पार. पश्चिम आफ्रिकेत गावाच्या बैठका गोरखचिंचेखाली भरतात, आपल्याकडे वडा-पिंपळाच्या पारावर. एक मोठा गोल पार बांधा आणि मधे गोरखचिंच लावा. ती सावकाश वाढते, म्हणून पाराच्या पश्चिमेला लवकर वाढणारा करंज किंवा कडुनिंब द्या. पाराला लागून पाणपोई ठेवा. कैरो आणि इस्तंबूलमध्ये वाटसरूंसाठी शतकांपूर्वी बांधलेल्या सबिली आजही दिसतात, आणि मोहरममध्ये आपल्या गावांतही सबील लागते. पाणपोईचं सांडलेलं पाणी पाइपने झाडाच्या आळ्यात न्या.

## टप्पा ७: अक्षरं, नकाशे, झेंडे

हा टप्पा लहान आहे, पण चूक झाली की गावभर दिसते.

अनेक लिप्यांत 'सुस्वागतम' लिहिलेली भिंत सगळ्यांनाच हवी असते. छपाईच्या संगणकावर अरबी-उर्दू अक्षरं सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी लागतात. तमिळ आणि थाईच्या मात्रा सरकतात. आपल्या देवनागरीतही जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायला लागतात. म्हणून तो मजकूर ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून दोनदा तपासून घ्या: एकदा कागदावर आणि एकदा दगडावर खडूने आखल्यावर, छिन्नी लागायच्या आधी. दुसरी तपासणी कोणी करत नाही आणि चूक तिथेच होते.

जगाचा नकाशा काढायचा असेल तर भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच घ्या. इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा वापरणं कायद्याने अंगाशी येऊ शकतं. नकाशा भिंतीवर काढा, पायाखाली नको. कोणत्याही देशाचा झेंडा फरशीवर, बाकांवर किंवा झोक्यांवर रंगवू नका. माझा सल्ला आहे की झेंडे पूर्णपणे टाळा.

फलक मराठीत मोठा, खाली हिंदी-इंग्रजी लहान. चार ओळींपेक्षा जास्त नको. मूळ, दुवा आणि 'इथे काय करता येईल' एवढंच.

## टप्पा ८: बांधकामाचा क्रम

मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत घाईने हिरवळ आणि झाडं लावली जातात आणि मे महिन्यात ती वाळतात. निविदेतच बांधकाम आणि लागवड असे दोन भाग करा आणि लागवडीचं देयक पावसाळ्यानंतर जगलेल्या झाडांच्या मोजणीवर ठेवा.

क्रम असा:

1. कुंपण आणि फाटक.
2. माती उचलणं, उतार देणं, पावसाच्या पाण्याचे चर, टाकी.
3. जमिनीखालचे पाण्याचे आणि विजेचे पाइप. जास्तीचे दोन रिकामे पाइप वाटेखालून टाकून ठेवा, पुढे फरशी फोडावी लागत नाही.
4. पाया, ओटे, पार, कट्टा, स्वच्छतागृह.
5. वाटा.
6. कोरीव काम आणि दगड बसवणं.
7. लागवडीची माती, ठिबक, झाडं.
8. बाकं, दिवे, फलक.

काळ्या मातीवर थेट फरशी घातली की पहिल्या पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वाट लाटांसारखी वरखाली होते. वाटेखालची काळी माती ४५ ते ६० सेंटिमीटर काढा आणि मुरूम १५-२० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबत भरा. जड ओटे आणि पार यांचा पाया पक्क्या मुरमापर्यंत न्या. निघालेली काळी माती फेकू नका, पिकांच्या वाफ्यात आणि झाडांच्या खड्ड्यांत तीच भरायची आहे.

सावधान: चकचकीत फरशी उघड्यावर नको. पहिल्या सरीत म्हातारं माणूस घसरतं. खडबडीत शहाबादी किंवा छिन्नीने खडबडीत केलेला काळा दगड घ्या.

## टप्पा ९: लागवड

खड्डे एप्रिल-मे महिन्यात ६० ते ९० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल घ्या आणि उन्हात तापू द्या. दोन चांगले पाऊस होऊन ओल खोल गेली की लावा. पहिल्या वळवाच्या सरीवर लावलेलं रोप पुढच्या खंडात जातं. रोप माणसाच्या खांद्याइतकं उंच, काठीला सैल बांधलेलं, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन.

देशी सावलीची झाडं दोन तृतीयांश ठेवा. बाकीत जगाच्या इतर भागांतून येऊन इथे रुळलेली झाडं: मेक्सिकोकडचा चाफा, दक्षिण अमेरिकेतली बोगनवेल आणि जकरांडा, मादागास्करचा गुलमोहर आणि सदाफुली, अमेरिकेतून आलेलं आणि आता बालाघाटाच्या डोंगरांत आपलंच झालेलं सीताफळ. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, तो खेळाच्या जागेपासून आणि वाहनतळापासून दूर लावा. मोठे निवडुंग मुलांच्या हाताच्या टप्प्याबाहेर.

लावू नका: वेडी बाभूळ, घाणेरी, सुबाभूळ. कोनोकार्पस झटपट हिरवं दिसतं म्हणून रोपवाटिकावाले गळ्यात मारतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

## टप्पा १०: उद्घाटन आणि पहिली दोन वर्षं

उद्घाटन पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास ठेवा. झाडांनी एक पावसाळा धरलेला असतो, झेंडू फुललेला असतो आणि नळजोडण्या-दिव्यांच्या चुका तोवर लक्षात आलेल्या असतात.

देखभालीची तरतूद प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच वेगळ्या शीर्षाखाली मागा. दोन एकरांना निदान दोन माळी, दोन पाळ्यांत पहारेकरी आणि स्वच्छतागृहासाठी स्वतंत्र माणूस लागतो. ठेकेदाराच्या दोष दायित्वाच्या काळात, म्हणजे कामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या ठरलेल्या मुदतीत, काय दुरुस्त करून घ्यायचं याची यादी पहिल्याच महिन्यात त्याच्या सहीने करून ठेवा. फरशी कुठे खचली, कोणता दिवा बंद, कोणत्या खड्ड्यातून पाणी जात नाही.

पहारेकऱ्याच्या खोलीत एक वही ठेवा. रोज किती पाणी दिलं, कोणतं झाड सुकलं, कोणता कोपरा संध्याकाळी भरतो आणि कोणता रिकामा राहतो, एवढ्याच नोंदी. पहिल्या फेब्रुवारीत वही बघून उन्हाळ्याचं वेळापत्रक करा. पाणी सकाळी सहाच्या आत, पहिल्या दोन उन्हाळ्यांत सगळ्या झाडांना ठिबकने, तिसऱ्यापासून देशी झाडांचं हळूहळू कमी. मे महिन्यात पाट बंद ठेवून ते पाणी रोपांना द्या आणि तसा फलक पाटापाशी लावा, म्हणजे लोक तक्रार करत नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यात मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना आधी कारण शोधा. एकाच ओळीतली तीन-चार झाडं गेली असतील तर खाली पाणी तुंबतंय किंवा ठिबकची नळी फुटली आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय तिथे नवं रोप लावू नका. रिकामा राहणारा कोपरा असेल तर तो कोणाच्या सांगण्यावरून केला होता त्यांनाच परत बोलवा आणि बदल विचारा. मोकळ्या ठेवलेल्या सहाव्या जागेचा विचार त्यानंतर करायचा.